गोळी बंद केली आणि केस गळायला लागले: दोष नेमका कशाचा?

कसबा बावड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय २९, मुलगी चार वर्षांची. पाळी पुढेमागे व्हायची, अंगावरूनही जास्त जायचं आणि दुसरं मूल इतक्यात नको होतं, म्हणून डॉक्टरांनी ड्रोस्पिरेनोन हे हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली. दोन वर्षं ती व्यवस्थित चालली. शिमग्याच्या सुमारास ताईंनी ती स्वतःच बंद केली, कारण जाऊबाई म्हणाल्या, 'इतकी वर्षं घेतलीस तर पुढं दिवस राहायचे नाहीत.' मेच्या अखेरीपासून केस गळायला लागले. आता जून संपत आला तरी थांबत नाहीत. नाहताना मोरीची जाळी तुंबते, वेणी निम्मी झाली. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, गोळ्यांनी केस घालवले. त्यांचे प्रश्न तीन: हे गोळीमुळंच झालं का, गेलेले केस परत येतील का, आणि गोळी पुन्हा चालू केली तर गळायचं थांबेल का?

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. तुमचे केस गळताहेत ते बहुतेक करून गोळी थांबवल्यामुळं. ते परत येतील. नुसत्या केसांसाठी गोळी पुन्हा सुरू करू नका. पण तुम्ही जाताजाता एक वाक्य लिहिलंय, 'पाळी आता परत पहिल्यासारखी सहा-सात दिवस जाते.' मला त्या वाक्याची जास्त काळजी वाटते. त्याच्याकडं येतेच.

प्रत्येक केसाचं आयुष्य ठरलेलं असतं. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते आणि पुढचे सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी अडकून राहतो. ते संपले की गळतो, आणि त्याच जागी नवा केस वर येतो. निरोगी डोक्यावर शंभरातले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात, उरलेले विश्रांतीत. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे कुणाचंही चालूच असतं. आठवड्यातून दोनदा नाहणाऱ्या बाईचे सुटलेले केस साठून राहतात आणि नाहायच्या दिवशी एकदम निघतात. त्या दिवशी दीडशे-दोनशे दिसले तरी घाबरायचं कारण नाही.

इस्ट्रोजेन हे हार्मोन केसाला वाढीत धरून ठेवतं. गरोदरपणात केस दाट वाटतात ते यामुळंच. बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन एकदम खाली येतं आणि धरून ठेवलेले सगळे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. दोन ते चार महिन्यांनी ते गळायला लागतात. तुमची मुलगी तीन-चार महिन्यांची असताना तुमचे केस गळत होते का, आठवून बघा. तुमची गोळी मिश्र होती, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन) दोन्ही असलेली. ती थांबवली की तेच घडतं, फक्त कमी प्रमाणात. तुम्ही मार्चमध्ये थांबवली, मेच्या अखेरीला गळती सुरू झाली. हिशेब बरोबर जुळतो.

केसांची तक्रार घेऊन कोणी आलं की मी डोकं नंतर बघते, आधी कॅलेंडर बघते. आज गळणाऱ्या केसाचं कारण दोन-तीन महिन्यांमागं असतं, आणि बायका मात्र गेल्या आठवड्यातलं काहीतरी शोधत बसतात. ऑगस्टमध्ये डेंग्यूचा सडकून ताप येऊन गेला की दिवाळीच्या अभ्यंगाला केस हातात येतात, आणि दोष जातो उटण्याला नाहीतर नव्या तेलाला. शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या मुली कोल्हापूरच्या पाण्याला नावं ठेवतात. विचारलं तर कळतं की आल्या आल्या टायफॉईड झाला होता, किंवा मेसचं जेवण आवडत नाही म्हणून दोन महिने चहा-बिस्किटावर काढले. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, गर्भपात, झपाट्यानं वजन उतरवणं, घरातलं जवळचं माणूस जाणं, यांतलं काय काय गेल्या चार महिन्यांत झालं, ते तुम्हीही लिहून काढा. एकापेक्षा जास्त कारणं पुष्कळदा हातात हात घालून येतात.

बायका कागदाच्या पुडीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत केसांचा गुंता बांधून आणतात आणि टेबलावर ठेवतात. मी त्यातला एक केस उजेडात धरून त्यांना दाखवते. टोकाला मोहरीहून बारीक पांढरा ठिपका असतो. 'मुळासकट आला' म्हणून त्या हबकलेल्या असतात. ते मूळ नव्हे. विश्रांतीतल्या केसाचं टोक तसंच गाठीसारखं असतं आणि केस ज्यातून उगवतो ती पुटी कातडीत शाबूत असते. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि खोडवा फुटतो, तसं आहे हे. टोकाला पांढरा ठिपका नसेल आणि केस मधेच तुटलेला असेल तर ती गळती नाही, केस तुटताहेत. मग स्ट्रेटनिंग, रंग, घट्ट बांधणं यांची चौकशी करायची.

दुसरी गोष्ट आम्ही करतो ती घरीही करता येईल. केस धुऊन एक दिवस झाला की पन्नास-साठ केसांची एक बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढायची. डोक्यावर चार-पाच ठिकाणी. प्रत्येक बटीत एक-दोन केस आले तर ठीक, सहा किंवा जास्त आले तर गळती अजून जोरात आहे. गोळी थांबवल्यावरची गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते आणि सहसा सहा महिन्यांत ओसरते. कपाळाच्या वर बारीक, उभे राहणारे, तेल लावूनही न बसणारे केस दिसायला लागले की समजा, नवे केस निघाले. वेणी मात्र लगेच जाड होणार नाही. महिन्याला एक सेंटिमीटर, म्हणजे खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षं. केस गळायचे थांबले तरी 'फरक नाही' वाटतं ते या हिशेबामुळं.

आता भांगाकडं बघा. खिडकीच्या उजेडात, मधोमध भांग पाडून, कुणाकडून तरी वरून फोटो काढून घ्या आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी ठेवा. कपाळावरची रेष जागच्या जागी आहे पण टाळूकडं भांग रुंद होत गेलाय, आणि जाड केसांत पुष्कळसे बारीक, मऊ केस मिसळलेत, असं असेल तर गोष्ट वेगळी. ते आनुवंशिक विरळपण. यात पुटीच हळूहळू लहान होत जाते आणि दर फेरीला आधीपेक्षा बारीक केस काढते. त्यात पुरुषी हार्मोनचा वाटा असतो, आणि तो प्रत्येक बाईच्या अंगात थोडा असतोच. हे विरळपण आपोआप परतत नाही, म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. आई, मावशी, आत्या यांचे भांग कसे होते तेही आठवा; वडिलांकडूनही हे येतं.

गोळी कुठली, याला अर्थ आहे तो इथंच. सगळ्या गर्भनिरोधक गोळ्या एका मापानं मोजून चालत नाही. १९६० साली अमेरिकेत पहिली गोळी मंजूर झाली, तेव्हा तिच्यातली हार्मोनची मात्रा आजच्या कित्येक पट होती. गोळ्यांबद्दलची पुष्कळशी भीती त्या काळापासून चालत आलेली आहे. आजच्या गोळ्यांत फरक असतो तो मुख्यतः प्रोजेस्टिनचा. लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि नॉरएथिस्टेरॉन यांचा कल किंचित पुरुषी हार्मोनकडं असतो. सरकारी माला-एन आणि माला-डी यांत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं, पण सोबत इस्ट्रोजेनही असतं. ते रक्तातल्या मोकळ्या पुरुषी हार्मोनला बांधून टाकणारं प्रथिन वाढवतं, त्यामुळं बहुतेक बायकांचे केस या गोळ्यांवर व्यवस्थित राहतात. ज्यांच्या घरात विरळ केसांची परंपरा आहे त्यांच्यात मात्र मी लिव्होनॉरजेस्ट्रेल देताना विचार करते. डेसोजेस्ट्रेल त्या मानानं सौम्य. ड्रोस्पिरेनोन आणि सायप्रोटेरोन ही दोन्ही पुरुषी हार्मोनच्या विरुद्ध काम करतात. ताई, तुम्ही घेत होता ती ड्रोस्पिरेनोनची. म्हणजे तुमच्या केसांच्या बाबतीत ती गोळी बहुधा राखणच करत होती.

मग सगळ्यांनाच ड्रोस्पिरेनोन का देत नाही? रक्ताच्या गुठळीमुळं. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर हा आकडा ५ ते ७ होतो, ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर ९ ते १२. धोका लहान आहे, बाळंतपणातल्या धोक्याहून कमीच. पण जिला रक्तदाब आहे, डोळ्यांपुढं चमका येऊन अर्धशिशी होते, आधी गुठळी झालेली आहे किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान आहे, तिला इस्ट्रोजेनची कुठलीच गोळी द्यायची नसते. सायप्रोटेरोनची गोळी तर नुसत्या गर्भनिरोधासाठी वापरायचीच नाही, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणून मैत्रिणीचे केस एका गोळीनं छान झाले म्हणून तेच पाकीट मेडिकलमधून आणू नका. गोळी चालू असताना एका पोटरीत दुखून सूज आली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर केसांचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

गोळीखेरीजच्या साधनांचंही थोडं सांगते, कारण हे प्रश्न सोबतच येतात. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाचं तीन महिन्यांचं इंजेक्शन २०१७ पासून मिळतं. त्यात इस्ट्रोजेन नाही, फक्त प्रोजेस्टिन. काही जणींचे केस त्यावर गळतात, आणि एकदा टोचलं की तीन महिने काढून घेता येत नाही. 'छाया'मध्ये हार्मोन नाहीच. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं एकदा घ्यायची. केसांसाठी घाबरणाऱ्या बाईला मी हिचा पर्याय हमखास सांगते. फक्त पाळी लांबू शकते, ते आधी माहीत असलेलं बरं. साध्या तांबीतही हार्मोन नाही, पण तिनं अंगावरून जास्त जाऊ शकतं. तुमच्यासारख्या बाईला आत्ता ती मी बसवणार नाही. हार्मोनची तांबी याच्या उलट, रक्तस्राव खूप कमी करते. तिच्यामुळं केस गळाल्याची तक्रार थोड्या जणी करतात, तरीही जिचं रक्त दर महिन्याला वाहून जातंय तिच्या केसांचं तिनं एकंदरीत भलंच होतं, असं माझं मत आहे.

नवरात्रात, गौरी-गणपतीत, जोतिबाच्या यात्रेच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात, त्या नॉरएथिस्टेरॉनच्या. चार-सहा दिवस घेतल्यानं केस जात नाहीत. पण दर सणाला, न विचारता, कुणीतरी सांगितल्या म्हणून घेणं मला मान्य नाही. मोठ्या मात्रेत त्यातला थोडा भाग अंगात इस्ट्रोजेन होतो आणि गुठळीचे सगळे नियम त्यालाही लागू होतात. देवीचं दर्शन पाळीमुळं चुकलं म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांचं दुःख मला कळतं. म्हणूनच आठ दिवस आधी येऊन विचारा, एवढंच मागणं आहे.

आता तुमच्या त्या वाक्याकडं. पाळी सहा-सात दिवस, अंगावरून जास्त. गोळीवर असताना रक्तस्राव कमी होता, दोन वर्षं शरीरातलं लोह वाचत होतं. गोळी थांबली तसं दर महिन्याला जास्त रक्त जाणं परत सुरू झालं. केस गळायला हे दुसरं कारण तयार होतंय, आणि ते आपोआप ओसरणारं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. तुम्ही त्यात नसाल असं धरून चालायला आधार नाही. हिमोग्लोबिन बघून थांबू नका. ते ठीक असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो, आणि शरीर लोहाची काटकसर करतं तेव्हा केसांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासा. १५ च्या खाली असेल तर साठा संपला म्हणायचा. केसांची तक्रार असली की तो ४० च्या आसपास किंवा वर असावा असं आम्ही बघतो. अंगात ताप किंवा सूज असताना हा आकडा खोटा जास्त येतो, तेव्हा तब्येत बरी असताना रक्त द्या.

कमी निघालं तर लोहाची गोळी. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा तिच्या आधी-नंतर तास-दोन तास नको. पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड घ्या, शोषण चांगलं होतं. शौचाला काळं होईल, त्यानं घाबरू नका. रक्त भरून आल्यावरही तीन महिने चालू ठेवायची, कारण साठा मागाहून भरतो. जेवणाचंही सांगते. रविवारी आपल्याकडं घरोघरी मटण शिजतं, पण शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तांबडा रस्सा उरतो. लोह तुकड्यांत असतं. घरातल्या पुरुषांनी हे वाचावं. शाकाहारी असाल तर पालेभाज्या, कडधान्यं, अळीव यांच्यावर लिंबू पिळायची सवय ठेवा.

माला-एनच्या पाकिटातल्या २८ पैकी शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात. कित्येक जणी त्या बिनकामाच्या म्हणून टाकून देतात. टाकू नका.

पाळी पुढेमागे व्हायची, हेही तुम्ही लिहिलंय. ते पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा आणि पुरुषी हार्मोन वाढवणारा बीजकोशाचा त्रास, असू शकतं. तसं असेल तर गोळीनं दाबून ठेवलेला पुरुषी हार्मोन आता मोकळा झाला असेल. हनुवटीवर जाड केस, जबड्याच्या कडेला मुरूम, मानेवर काळपट मखमली चामडी, यांतलं काही आहे का बघा. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे त्या पुरुषी हार्मोनची, तपासणी गोळी थांबवून तीन महिने झाल्यावरच खरी येते, आणि तुमचे ते तीन महिने आत्ताच भरलेत. आत्ता गोळी पुन्हा सुरू करू नका म्हटलं त्याचं हे मोठं कारण. सुरू केलीत तर तपासणी पुसट होईल. सोबत टीएसएच ही थायरॉईडची तपासणी करून घ्या. पार्लरवाल्या ताईंनी बायोटिनच्या गोळ्या दिल्या असतील तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा, कारण थायरॉईडचा रिपोर्ट त्यानं चुकू शकतो. तसंही ज्यांच्या शरीरात बायोटिनची कमतरता नाही त्यांना त्याचा उपयोग होत असल्याचा पुरावा नाही. कांद्याचं तेल, जास्वंदाचं तेल लावायचं तर लावा, पण त्याच्या भरवशावर रक्त तपासायचं लांबवू नका.

मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाबद्दलही सगळ्या विचारतात. तुमची गळती नुसती गोळी थांबवल्याची असेल तर त्याची गरज नाही. भांग रुंद होत असेल तर मात्र उपयोग होतो: पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि सोडलं की मिळालेलं जातं. दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर लावायचं नाही. हे त्वचारोगतज्ज्ञांनी बघून सुरू करावं. डोक्यात गोल चकती पडली म्हणजे चाई, खाज-जळजळ होऊन कातडी गुळगुळीत झाली, भुवया विरळ झाल्या, तर थांबू नका. आवाज घोगरा होत चालला आणि अंगावर झपाट्यानं लव वाढली तर त्याच आठवड्यात दाखवा.

जाऊबाईंच्या म्हणण्याचं उत्तर छोटं आहे. गोळी किती वर्षं घेतली यावर पुढं दिवस राहणं अवलंबून नसतं. थांबवल्यावर एक-दोन महिन्यांतही दिवस राहतात. आणि माझी खरी काळजी तीच आहे. मार्चपासून तुम्ही दुसरं काही साधन वापरताय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. केसांच्या भीतीनं गोळी सोडून नको असताना दिवस राहिलेल्या बायका माझ्याकडं येतात. त्यानंतर बाळंतपण किंवा गर्भपात, आणि मग गोळी थांबवल्यावर गळाले त्याहून जास्त केस गळतात. तपासण्या होईपर्यंत निरोध वापरा. छाया हवी असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, आशाताईंनाही विचारता येईल. पाळी चुकली असेल तर बाकी सगळ्याच्या आधी लघवीची तपासणी करा.

रक्त तपासून झालं, पीसीओएस निघालं आणि रक्तदाब वगैरे ठीक असेल, तर तीच गोळी तुम्हाला पुन्हा द्यायलाही माझी हरकत नसेल. तेव्हा ती पाळीसाठी आणि रक्त वाचवण्यासाठी असेल. नंतर कधी बंद करायची झाली तर दुसरं साधन आधी ठरवून, लोहाचा साठा भरून मग करू. आणि दुसऱ्या मुलाचा विचार पक्का झाला असेल तर तसं आत्ताच सांगा. मग गोळीऐवजी फॉलिक ॲसिड सुरू करायचं आणि लोह त्याआधी भरून घ्यायचं.